पुष्करचा मावसभाऊ

विनोदिनीकाकूंच्या मिरजेतल्या दोन खोल्या पुष्करच्या जिवापाड आवडीच्या. भरपूर पाणी, खिडकीत कढीपत्ता आणि वर राहणाऱ्या काकूंचा नियम एकच: घरात कुणाला ठेवायचं, तर आधी विचारायचं. पोटभाडेकरू परस्पर ठेवलेला त्यांना खपायचा नाही.

नेमकी पुष्करची सहा महिन्यांसाठी खंडाळ्याला बदली झाली. खोल्या सोडाव्यात तर परत अशी जागा मिळायची नाही, आणि काकूंना विचारावं तर त्या नाही म्हणतील. गड्याने सरळ विचारायचंच टाळलं आणि सिद्धूला गुपचूप आत आणून ठेवलं. सिद्धू जतकडच्या मेंढपाळाच्या घरातला, मिरजेत हॉस्पिटलात नोकरीला लागलेला.

"कुणी विचारलं तर मी पुष्करचा मावसभाऊ, असं सांगायचं," पुष्करने बजावलं.

"व्हय दादा," सिद्धू म्हणाला. तेवढ्यावरच कुणालाही कळलं असतं, की ही मावशी काही वाईच्या पुष्करच्या नात्यातली नव्हे.

पुढे काकूंचे फोन येऊ लागले. पुष्कर उचलायचा नाही आणि फोन वाजून वाजून बंद व्हायचा. शेवटी काकूंचा मेसेज आला: 'रविवारी ये. तुझी मावशी आली आहे.'

पुष्करने मेसेज पुन्हा वाचला. त्याला मावशी नव्हतीच.

रविवारी तो काकूंच्या दारात उभा राहिला, तर आत सिद्धू आणि त्याची आई बयाबाई बशीतून चहा पीत होते आणि काकूंच्या मांडीवर नवंकोरं घोंगडं होतं.

"आवं, पोरानं सांगितलं समदं," बयाबाई म्हणाली. "आमी रातीला कुनाच्या शेतात मेंढरं बसवायची म्हटली तरी आदी वावराच्या धन्याला इच्यारतो. हितं माझं लेकरू र्‍हातंय आन् घरधनिणीला ठावं न्हाई! मला घास ग्वाड लागंना. आले इच्यारायला."

पुष्करला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काकू, चुकलंच माझं. तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं."

"विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं."

त्याच्या जिवात जीव आला. "मग सिद्धू राहिला तर चालेल?"

"चालेल म्हणजे? नवा करारच त्याच्या नावावर केलाय. तुझा संपला. तो वाढवायलाच फोन करत होते, तू उचलशील तर ना!"

"मग मी परत आल्यावर कुठे राहू?"

"सिद्धूला विचार. तो मला विचारील. नियम तोच आहे."

पुष्करने कसनुसं हसत सिद्धूकडे पाहिलं. सिद्धूने काकूंकडे पाहिलं, काकूंनी मान डोलावली.

"या की दादा, मागली खोली तुमची," सिद्धू मनापासून म्हणाला. "फकस्त कुनी इच्यारलं, तर माझा मावसभाऊ म्हनून सांगू नगा."