डावरी खाच

"वहिनी, खाच कुठाय?"

सीतारामचं बोट त्या गुळगुळीत लाकडावरून पुन्हापुन्हा फिरत होतं, अंधारात दाराची कडी चाचपावी तसं.

द्वारकाने हातातलं मेणाचं फडकं खाली ठेवलं. उत्तर द्यायचं काम नवऱ्याचं होतं, आणि उत्तरेश्वर तर कौतुक ऐकायला टपूनच उभा होता.

"कसली खाच? ती खराबी व्हती," तो म्हणाला. "पुट्टी भरली आन् वर असा पेपर मारलाय, त्यात तोंड बघून भांग पाडा तुमी."

सीताराम हसला नाही. रेझिनच्या उपड्या डब्यावर तो हळूच टेकला.

कात्रजच्या चढावर, पत्र्याच्या शेडमध्ये हे नवराबायको फायबरची कामं करत. गणपतीच्या देखाव्यांचे खांब, महिरपी, बंगल्यांच्या बागांतली हरणं. गणपती गेले की शेड सुनी पडायची. मग जे येईल ते काम. या वर्षी हर्णैचा सीताराम आला. मासळीच्या गाडीबरोबर तो पुण्यात यायचा. त्याच्या वडिलांची लाकडी बोट मोडीत निघाली होती. फळ्या चुलीत गेल्या, आणि उरलं ते हे मुंडकं. बोटीच्या अगदी टोकाला, नाळेवर बसवलेलं. नांगराचा दोर ओढायचा तो याच्यावरून. आता नवी फायबरची बोट दसऱ्याला पाण्यात उतरायची होती, आणि तिच्यावर सीतारामला हेच मुंडकं हवं होतं, फायबरचं. लाकूड आतून इतकं कुजलेलं की त्याच्यावरून साचा निघाला तर एकदाच निघणार होता.

"बापूस डावरा होता," सीताराम म्हणाला. "जन्मभर दोर डाव्या अंगाने ओढला. म्हणून ती खाच तिरकी. मीपण डावरा. कारखान्याचं मुंडकं एकदम सरळ असतं, दोर उडतो नि हात फाडतो." त्याने तळहात पुढे केला. अंगठ्याखाली पांढरा व्रण होता. "रात्रीचं बोटीवर काय दिसत नाय, वहिनी. खाचेत हात गेला की कळायचं, दोर हितं हाय."

उत्तरेश्वरचा चेहरा उतरला. पटाशी उचलून तो वाकला. "तासून काढतो." पण धार लाकडाच्या कडेला टेकताच तिथून बुरबुर भुसा गळाला. पुट्टी दगडासारखी झाली होती आणि लाकूड केकासारखं. तासायला गेलं तर पुट्टीआधी लाकूडच जाणार. त्याने पटाशी ठेवून दिली. 

"असू दे, दादा," सीताराम उठला. "करा हाय तसंच. तुमचा काय दोष नाय. मी सांगायला पायजे होतं."

दोष कुणाचा ते द्वारकाला ठाऊक होतं. ती शनिवार पेठेतल्या गुरवाची लेक. माहेरच्या देवळातली सहाण तिच्या डोळ्यांपुढे होती: वडील, त्यांच्या आधी आजोबा, रोज पहाटे चंदन उगाळून उगाळून दगडाला पडलेली ती द्रोणासारखी खळगी. दगडाला काय कळतं, पण हाताचा वळसा दगडानेसुद्धा ठेवून घेतला होता. घटस्थापनेच्या दिवशी हे लाकूड पुसताना तिची बोटं त्या खाचेत गेली आणि तशीच थांबली. अरे, ही तर सहाण आहे!  तिने फडक्यावर मेण घेतलं आणि ती खाच घासत बसली, देवाचं उपकरण लख्ख करावं तशी, तोंडाने देवीचं नाव घेत. हे कुणाचं तरी आयुष्य आहे, भरू नका, एवढं म्हणायचं मात्र राहिलं. आकाराचं काम त्यांचं, पुसण्याचं आपलं, अशी वाटणी पडून गेलेली.

आणि मेणाचा नियम तर शेडमधल्या झुरळांनासुद्धा पाठ होता. आधी पुट्टी, मग पेपर, आणि मेण सगळ्यांत शेवटी. मेणावर काही धरत नाही.

"अहो," ती हलकेच म्हणाली, "त्या पुट्टीखाली मेण आहे."

"काय हाय?"

"मेण. मी खाचेला आधीच लावलं होतं."

"आगं, डोकं फिरलं का तुजं? मेणावर पुट्टी मारलीय मी? म्हंजे ती आज न्हाई तर उद्या सुटूनच..." आणि तिथे त्याचं वाक्य अडलं. त्याने सीतारामकडे पाहिलं, मग लाकडाकडे, मग बायकोकडे. "पाणी ठेव," तो एवढंच म्हणाला. "कोमट."

द्वारका अनवाणीच धावली. नवरात्रात ती चप्पल घालत नसे, आणि शेडभर फायबरच्या काचेची कुसळं. एरवी त्याने यावरून चार टोमणे मारले असते.

पुट्टीच्या कडेकडेने तिने पाण्याची बारीक धार सोडली. उत्तरेश्वरने बांबूची पातळ पाचर घेतली आणि हातोडी न वापरता अंगठ्यानेच दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. पाणी कुठेतरी आत शिरलं, टिच्च असा आवाज आला, आणि पुट्टीचा अख्खा तुकडा, चंद्रकोरीसारखा, सुटून द्वारकाच्या ओंजळीत पडला.

तिने तो उलटा केला.

वरची बाजू आरशासारखी, आणि खालच्या बाजूला दोर होता. दोराचा पीळन् पीळ. एक सरळ, दुसरा जरा दबलेला, जिथे ओढणाऱ्याने जोर लावला असेल तिथे खोल, सैल सोडला असेल तिथे उथळ, आणि सगळे डावीकडे झुकलेले. लाकडाने इतकी वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते कुणाच्याच डोळ्यांना दिसलं नव्हतं. पुट्टीने ते अलगद उचलून आणलं होतं.

"बया..." उत्तरेश्वर पुटपुटला.

सीतारामने बोट पुढे केलं, पण लावलं नाही. "हा आमचाच दोर," तो म्हणाला. "काथ्याचा. आता नायलॉनचे आले." बाहेर दुधाचा टँकर हॉर्न देत चढावर गेला. आत तिघंही देवळात उभं राहावं तशी उभी होती.

पुढचे दिवस द्वारकाने मेण लावलं, या वेळी क्रमाने. उत्तरेश्वरने जेलकोटचा पहिला गुळगुळीत थर मारला, काचेची मॅट रेझिनमध्ये भिजवून थरावर थर चढवला, आणि साचा घट्ट होईपर्यंत तो शेडबाहेर पडला नाही. साचा सुटताना जे व्हायचं तेच झालं. लाकूड दोन ठिकाणी खचलं आणि फरशीवर त्याचा ढीग झाला. पण साच्याच्या पोटात खाचेचा उलटा ठसा चमकत होता.

त्यातून निघालेलं मुंडकं आठव्या माळेला द्वारकाने पुसून पाटावर ठेवलं. उत्तरेश्वरने सवयीने पॉलिश पेपर उचलला. खाचेत पीळ खरखरीत राहिले होते. एरवी असं काम त्याने गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू दिलं नसतं. पेपर खाचेपर्यंत गेला. तिथे थांबला. त्याने त्याची घडी घातली आणि खिशात टाकली.

"त्येवढं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, कुणी काही विचारलेलं नसताना.

संध्याकाळी सीताराम आला. "नवरात्रात पुणेकर मासळी खात नाय, गाडी रिकामीच," असं हसत म्हणाला खरा, पण नजर पाटावर. त्याने डावा हात खाचेत घातला आणि नसलेला दोर ओढला. खांदा आपसूक झुकला.

"बसला," तो म्हणाला. मग फरशीकडे पाहिलं. फरशी स्वच्छ होती. "लाकूड?"

द्वारकाने कोपऱ्यातली पुरचुंडी आणली. भुसा, ढलप्या, अगदी केरसुणीला चिकटलेला चुरासुद्धा तिने धुतलेल्या फडक्यात बांधून ठेवला होता. अजून त्याला खारा वास होता.

"इथे नदीत सोडणार होते," ती म्हणाली. "पण आमची नदी तुमच्या समुद्राला जात नाही. उलट्या बाजूला जाते. तुम्हीच न्या."

सीतारामने पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि शर्टाच्या आत ठेवली.

गाडीत मागे सगळ्या पेट्या रिकाम्या होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "ठेव की मागं, जड असंल." सीतारामने ऐकलं नाही. तो पुढे बसला, मुंडकं मांडीवर घेतलं, आणि गाडी कात्रजच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत त्याचा डावा हात खाचेतच होता.