बारा जुलैची तपासणी

‘कंपनीचं नाव’ या रकान्यापाशी विलासचं पेन थांबलं. त्याने मान वर केली. काउंटरमागची मुलगी मोबाइलमध्ये गढलेली होती.

“हे कशाला लागतं?” त्याने शेजारी उभ्या असलेल्या लेकीला विचारलं.

“ईएसआयच्या फॉर्ममध्ये असतंच ते, पप्पा. लिहा.”

त्याने लिहिलं नाही. फॉर्म तसाच आम्रपालीच्या हातात दिला.

पिंपरीच्या बाजारातलं, कापडाच्या दुकानावरचं हे कानाच्या तपासणीचं केंद्र शोधायला आम्रपालीला तीन आठवडे लागले होते. ईएसआयच्या कामगार विमा दवाखान्यातून चिठ्ठी मिळाली, पण यादीतल्या पहिल्या ठिकाणी करार संपलेला होता. दुसरीकडची ऑडिओलॉजिस्ट नोकरी सोडून गेली होती. तिसरीकडे ‘विम्याचे पेशंट पुढच्या महिन्यात’ असं ऐकवून फोन ठेवला गेला. इथे मात्र लगेच ‘उद्या या’ म्हणाले, पैसे पडणार नाहीत म्हणाले. तेव्हापासूनच विलासच्या मनात पाल चुकचुकत होती. एवढी घाई यांना कसली?

चाकणच्या कारखान्यात तो एकोणीस वर्षं प्रेसवर होता. गाड्यांच्या दारांचे पत्रे दाबायचं काम. कोंडाजीही त्याच लाइनीवर होता. दोन वर्षांपूर्वी त्याने सुपरवायझरला सरळ मनाने सांगितलं, हल्ली कमी ऐकू येतंय. दीड महिन्यात तो ‘अनफिट’ म्हणून घरी बसला. विलासने मग कानाचं नाव घरातही काढलं नाही. पण मागच्या महिन्यात त्याचा जोडीदार बुद्धभूषण साच्यात अडकलेला तुकडा काढत असताना ‘थांब!’ म्हणून ओरडला, आणि विलासने प्रेस चालू केला. हातमोजा फाटला, हात वाचला. बुद्धभूषणच्या बायकोने ते आम्रपालीला सांगितलं.

तपासणारी नेहा मॅडम तिशीच्याही आतली होती. तिने त्याला काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं.

“आवाज आला की दाबायचं. अगदी बारीक आला तरी.”

विलासला हे नवीन नव्हतं. कंपनीच्या आवारात दरवर्षी तपासणीची गाडी यायची. तिथल्या माणसाचा कोपर हलला की विलास बटण दाबायचा. सहा वर्षं तो असाच पास होत आला होता. इथेही त्याने काचेपलीकडच्या खांद्यावर नजर रोखली. खांदा हलला, त्याने दाबलं. पुन्हा हलला, पुन्हा दाबलं.

मध्येच मॅडमने आम्रपालीकडे वळून काहीतरी विचारलं. तिच्या ओठांवरून त्याने एकच शब्द टिपला. कंपनी. आम्रपाली पिशवीतून कागद काढून तिला देत होती.

हेडफोन ओढून काढत तो बाहेर आला.

“काय देतेस त्यांना?” आपण केवढ्याने ओरडलो ते त्याला कळलं नाही. काउंटरवरच्या मुलीने वळून पाहिलं.

“कंपनीचे जुने रिपोर्ट आहेत, पप्पा. कपाटात होते. आधी तपासणी झालीय का, असं विचारलं त्यांनी.”

“बसा, काका,” नेहा म्हणाली. मग त्याच्या समोर येऊन, सावकाश बोलली, “तुम्ही ऐकत नव्हता. माझ्या हाताकडे बघत होता.”

विलासने रुमालाने मान पुसली.

“आता हे कंपनीला कळवणार तुम्ही.”

नेहाने तीन वर्षांचे तीन कागद एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या उजेडात धरले. तिन्ही आलेखांची मिळून एकच रेघ दिसत होती.

“एकाच माणसाचा कान असला, तरी वर्षाला रेघ थोडीफार हलतेच,” ती म्हणाली. “ही हललेलीच नाही.”

“म्हणजे मी दरवेळी बरोबर दाबलं?”

“हा मागच्या वर्षीचा. बारा जुलै. कोणी तपासलं होतं, आठवतंय?”

विलास आठवू लागला. आम्रपाली पुढे झाली आणि तारीख वाचून त्याच्याकडे बघत राहिली.

“पप्पा, बारा जुलैला तुम्ही हॉस्पिटलमध्ये होता. हर्नियाचं ऑपरेशन. मी कॉलेज बुडवून बसले होते ना तुमच्यापाशी.”

तिला ते दोनदा सांगावं लागलं.

त्याने कागद हातात घेतला. त्याचं नाव होतं, कामगार म्हणून मिळालेला तिकीट नंबर होता, खाली सही-शिक्का होता. शेवटच्या ओळीतलं इंग्रजी ‘नॉर्मल’ त्याला वाचता आलं. त्या शब्दावर त्याने अंगठा घासला, शाई निघते का पाहावं तसा.

“त्या गाडीतला माणूस कधी मान वर करून बघायचाच नाही,” तो म्हणाला. “मला वाटायचं, आपलं नशीब.”

थोड्या वेळाने तो आपणच उठून आतल्या खोलीत गेला. खुर्ची फिरवून त्याने काचेकडे पाठ केली आणि हेडफोन चढवले.

सुरुवातीला मॅडमच्या यंत्रावरचा, त्याने बटण दाबलं की लागणारा छोटा दिवा दोन-चार वेळा लागला. मग लागेना. मॅडम आवाज वाढवत गेली. बाहेर उभ्या आम्रपालीला बापाची पाठ दिसत होती, ताठ, जराही न हलणारी. ती दिव्याकडे बघत राहिली, मग बघवेना म्हणून जिन्याकडे तोंड करून उभी राहिली.

“दोन्ही कानांना मशीन लागेल. विम्यातून मिळेल, पण हेलपाटे पडतील,” नेहाने शेवटी सांगितलं. “एक रिपोर्ट तुम्हाला, एक दवाखान्याला. कंपनीला मी काही पाठवत नाही.”

विलासने दोन्ही प्रती शेजारी ठेवून ओळीवर ओळ ताडून पाहिल्या. तारीख पाहिली. सही पाहिली. मग आपली प्रत घडी करून खिशात ठेवली, पण तो उठला नाही.

“मॅडम, आमच्या लाइनीवर अजून अकरा जण आहेत,” तो म्हणाला. “सगळे नॉर्मल आहेत.”

नेहाचा हात थांबला.

“त्यांना कुठल्या दिवशी आणू?”

तिने डायरी ओढून घेतली आणि पानं उलटत, मान खाली घालूनच काहीतरी सांगितलं. आम्रपाली ते त्याला मोठ्याने सांगायला निघाली, तेव्हा त्याने हाताने तिला थांबवलं आणि तो टेबलावर पुढे झुकला.

“ऐकू नाही आलं,” तो म्हणाला. “परत सांगा.”