भेगांतली चमक

"हात दाखवायला लाजू नका. लाजायचंच असेल तर न धुता कुणाला लावायला लाजा."

पहिल्या तासाला मॅडमनी सांगितलेलं हे वाक्य सोवळीच्या कानात सकाळपासून घुमत होतं, आणि ती मात्र दोन्ही हात एप्रनच्या खिशात कोंबून रांगेत उभी होती. सोवळी हे तिचं मेडिकल कॉलेजच्या वर्गातलं नाव. दिसेल त्या नळाखाली हात धरायची, वर सॅनिटायझर चोळायची, म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं.

पडदे ओढले होते. हाताला एक मलम लावायचं, साबणाने धुवायचं आणि जांभळ्या दिव्याखाली धरायचं. धुणं राहिलं असेल तिथे मलम चमकतं. बहुतेकांचे अंगठे चमकत होते.

"अंगठा म्हणजे रुसका जावई," मॅडम म्हणाल्या, "मुद्दाम बोलावल्याशिवाय येत नाही."

वर्ग खुसखुसला. सोवळीला हसू फुटेना. तास संपला की मामांचं ऑपरेशन होतं. आईमागे तिला वाढवलं ते त्याच मामांनी. तिची या महिन्याची ड्यूटी सर्जरी विभागातच होती, म्हणून सर्जननी तिला टेबलाशी सोबत उभं राहायची परवानगी दिली होती. कधी एकदा इथून सुटते असं तिला झालं होतं.

तिचा नंबर आला. अंगठे स्वच्छ निघाले, पण बोटांच्या पेरांवर बारीक चमकत्या रेघांचं जाळं उमटलं. "घ्या, सोवळीच मळकी!" मागून कुणीतरी म्हणालं.

मॅडमनी दिवा मालवला, बाकीच्यांना पुन्हा नळाकडे पिटाळलं आणि तिला खिडकीशी नेलं. लाल, चिरलेली पेरं. खोदून विचारल्यावर कळलं, ही पोर हात धुऊन ओल्यावरच सॅनिटायझर चोळत होती आणि ओलसर हातांवर तसेच हातमोजे चढवत होती. स्वच्छतेच्या नादात कातडीचं वाटोळं केलं होतं. भेगांत जंतू ठाण मांडतात, कितीही घासलं तरी निघत नाहीत, मोजा तर कधीही फाटतो, हे मॅडमनी हळू आवाजात समजावलं. कातडी भरेपर्यंत कुठल्याही पेशंटच्या जखमेला हात लावायचा नाही.

"पण मॅडम, मामांना मी शब्द दिलाय. आत असेन म्हणून."

मॅडमनी खिशातून फोन काढला. "सर्जनना मी फोन करू शकते. तू सांगितलंस तर जास्त बरं. सांगशील?"

"सांगते," ती म्हणून गेली.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर मामी मामांचा चष्मा पदरात धरून बसली होती. सोवळी शेजारी टेकली, उठली, पुन्हा टेकली. समोरच्या कपाटावर हातमोज्यांचा खोका उघडा पडला होता. एकावर एक दोन जोड चढवले तर कोण बघणार? मॅडम थोड्याच इथे येणार होत्या? तिची नजर राहून राहून खोक्याकडे जात होती.

"तू आत असणार म्हणून हे तयार झाले गं," मामी म्हणाली. "नाहीतर हा माणूस मला दाद देतोय होय!" आणि तिने सोवळीचा हात घट्ट धरला.

सोवळी कळवळली. मामीने हात उलटा करून पाहिला. "अगं, हे काय करून घेतलंस?"

"मामी, मी आत नाही उभी राहणार. या हातांनी मामांची जखम चिघळेल."

मामीने तिचा हात सोडला. "आता ऐनवेळी? आणि त्यांना काय सांगू मी?"

"तू नको. मीच सांगते त्यांना. आधी सरांना गाठते."

मामीने तोंड फिरवलं. तिची समजूत घालायला वेळ नव्हता. सर्जन हात धुवायला कुठल्याही क्षणी निघाले असते. सोवळी उठली. खोक्याकडे न बघता ती त्याच्याजवळून पुढे गेली आणि सर्जनच्या खोलीचं दार तिने हलकेच वाजवलं.