पहिल्या घासाचा मान

ज्या वर्षी माझ्या नातीचं, रुचिताचं, लग्न ठरून साक्षगंध झालं, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तिनं बापाच्या जवाहरनगरच्या क्वार्टरात एअर फ्रायर आणला. माझ्यासाठी नव्हे, माझ्या धाकट्या जावेसाठी. निर्मलाला डॉक्टरनं तळण बंद केलं होतं. तिला मूलबाळ नाही, नवरा गेलेला. दवाखाना जवळ पडतो म्हणून माझ्या प्रफुल्लनं तिला आपल्याकडे आणलं. मी आंधळगावात धानाच्या बांध्या सांभाळत राहिले. लेक माझा, नात माझी, आणि खिडकीजवळचा पलंग निर्मलाचा. रुचिता तिला 'आजी' म्हणायची. मला 'आंधळगावची आजी'.

मी त्यांच्याकडे गेले त्या दिवशी रुचितानं पाण्यात लोणी-साखर उकळून मैदा घोटला होता.

"काय व हे?"

"चुरोस. परदेशातली चकलीच समज. पन गोड, अन् लांब लांब."

"उकडच त हाय. आमी का कधी केली नाही?"

निर्मला खुर्चीवरून हसली. "बाई, तुमच्या हातचं लय खाल्लं. आता पोरीच्या हातचं खाऊन पाहा."

मग तिनं सासूबाईंचा पितळी सोऱ्या मागवला. थोरली मी, पण सासूबाईंनी तो हिला दिला होता. जड सोऱ्या, एकीनं धरायचा, दुसरीनं दाबायचा. पूर्वी निर्मला धरायची, मी दाबायची. आता रुचिता दाबत होती. निर्मलाच्या हातून सोऱ्या दोनदा घसरला, तरी मला 'धरा' म्हणाली नाही.

आमच्या घरी तळण काढलं की पहिला घास चुलीतल्या आगीला, पळसाच्या पानावर. तो मान थोरलीचा. मी गावाहून गूळ पानात बांधून आणला होता. रुचिताची पाठ वळताच त्या पानाचा तुकडा फाडला, चिमूटभर उकड ठेवली आणि मशीनच्या डब्यात चुरोसच्या बाजूला सारली.

थोड्याच वेळात धूर निघाला. आतल्या वाऱ्यानं पान उडून वरच्या लाल तारेला चिकटलं होतं.

"कोनं ठेवलं हे?" रुचिता ओरडली. "नवीन मशीन हाय न माझी!"

"मीच ठेवलं, माय," निर्मला म्हणाली. "सवय हाय."

ती मला वाचवत होती, आणि मी पेटले. "तू कायले ठेवशीन? थोरली मी. घास म्या देल्ला!"

"बाई, पोरगी रागावून राहिली. मान नाही वाटून राहिली."

"रागावू दे. तो राग बी माझाच हाय!"

रुचितानं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि ओट्याला धरून हसत सुटली.

चुरोसला धुराचा वास लागला होता. "चुलीवरचं लागते व," म्हणत निर्मलानं दोन खाल्ले, तिसरा मागितला. मलाही आवडले होते. पण एकच खाऊन मी हात धुतले.

मी निघताना निर्मलानं सोऱ्या माझ्या पिशवीत घातला.

"अन् धरन कोन?" मी विचारलं.

"मी येतो न पोळ्याले."

पोळ्याला मी उकड काढून ठेवली. निर्मला दवाखान्यात होती. सोऱ्या गुडघ्यांत धरून मी एकटीनंच दाबला. चकल्या वाकड्या पडल्या. पहिला घास पानावर आगीला दिला.

दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी, तीन सप्टेंबर २०२४ रोजी सकाळी निर्मला गेली.