एका ओट्यापाशी दोघं

मी या घरातला डिशवॉशर बोलतोय. बोलावं की नाही, याचा बरेच दिवस विचार करत होतो. भांडी धुणाऱ्याने भांड्यांपुरतं बोलावं, माणसांत नाक खुपसू नये, असं कोणी म्हटलं तर ते मला मान्य आहे.

शिवाय माझ्या विद्येबद्दल मला स्वतःलाच शंका आहे. लोकांना वाटतं, मी सतत नवं पाणी घेतो. तसं नसतं. तळाशी घेतलेलं थोडं पाणी तापवायचं, त्यात साबण मिसळायचा आणि तेच पुन्हा पुन्हा वर उडवायचं, एवढीच माझी करामत. तळाच्या गाळणीने खरकटं अडवलं तर भांडी उजळतात. नाही अडवलं, तर या ताटाचं त्या ताटाला. माझा सगळा मोठेपणा एका वाटीएवढ्या जाळीवर उभा आहे.

कारखान्यात माझी परीक्षा झाली होती आणि मी पासही झालो होतो. पण परीक्षेतली भांडी वेगळी आणि संसारातली वेगळी, हे इथे आल्यावर कळलं.

घरात तिघं: भाऊ, त्याची बायको आणि त्याची मोठी बहीण. बहिणीला भाऊ ताई म्हणतो, भावजय वन्सं म्हणते. मी मनातल्या मनात ताईच म्हणतो. नवरा गेल्यावर त्या इथे राहायला आल्या आणि आल्या आल्या बाह्या सरसावून त्यांनी सिंकचा ताबा घेतला. कोणी सांगितलं नव्हतं. पण आपण बसून खातो, असं कोणाच्या मनातही येऊ नये, याची त्यांनी भांडी घासून तजवीज केली. साबणाने बोटं फुटली. भावजयीने ती पाहिली आणि मला घेऊन आली. तिला वाटलं, वन्संच्या हातांना आराम पडेल. ताईंना वाटलं, आपली जागा गेली.

राग त्यांनी दाखवला नाही. त्या भांडी आधी लख्ख घासायच्या आणि मग माझ्यात मांडायच्या. मग याने काय करायचं, असं भावजयीने विचारलं, तर म्हणाल्या, "नव्या माणसाला कोणी खरकटी भांडी देतं का?" भाऊ म्हणायचा, ताई सगळा पेपर सोडवते आणि हा खाली सही करतो. मी आत उभा राहून शरमायचो.

सुट्टीच्या दिवशी मात्र भाऊ भांडी भरायचा, आणि त्याच्या हाताला घाई फार. लिंबाच्या बिया, बरणीवरचा कागद, सगळं माझ्या पोटात. गाळणी बाहेर निघते, हे घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. मला मीठही लागतं, पाण्याचा जडपणा घालवायला. खाल्ल्या मिठाला जागायची माझी तयारी होती, पण मीठ द्यायचं कोणाच्या लक्षात नव्हतं. पेले पांढुरके झाले. मग त्यांना कचकच लागू लागली. शेवटी पाणी तळाशी साचलं आणि मला वास यायला लागला.

भावाने जुनं सामान नेणाऱ्याला निरोप धाडला. म्हणाला, देऊन टाकू, ताई आहेच की. ते "ताई आहेच की" ऐकताना ताईंचा चेहरा मी पाहिला. कितीतरी दिवसांनी त्यांची मान ताठ झाली होती. भावजय नुसती त्यांच्या हातांकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघं कामाला गेल्यावर ताई माझं दार उघडून समोर पाटावर बसल्या.

"तू गेलास तर माझं बरंच आहे रे," त्या म्हणाल्या.

मला पटलं. आत वास कोंडलेल्याने दुसरं काय म्हणावं?

पण घाणेरडी वस्तू कोणाच्या दारात पाठवायची नाही, हा त्यांचा जुना नेम. निदान पुसून देऊ, म्हणून त्यांनी प्लग काढला, खालचा ट्रे बाहेर ओढला, साचलेलं पाणी वाटीने उपसलं. तळ पुसताना गोल जाळी हातात फिरली आणि निघूनच आली. मोडलं की काय, म्हणून त्या दचकल्या. मग आत पाहिलं. कागदाचा लगदा, बिया, चिकट मेण झालेलं तेल. जुना टूथब्रश आणि कोमट पाणी घेऊन त्यांनी जाळीचं छिद्र न् छिद्र मोकळं केलं. पाणी उडवणाऱ्या माझ्या हातांत अडकलेल्या बिया शिवणाच्या सुईने काढल्या. दाराचं रबर पुसलं, आणि तेही खालच्या कडेला, जिथे कोणी वाकून बघत नाही. माझ्याबरोबर आलेली मिठाची पिशवी कपाटाच्या मागे पडली होती, ती शोधून माझं मीठ भरलं. जाळी बसवून वरच्या ट्रेमध्ये वाटीभर व्हिनेगर ठेवलं आणि प्लग लावून मला रिकामाच चालवलं.

पाणी घशाखाली उतरल्यासारखं गुडगुडत निघून गेलं. ताईंनी दाराला कान लावला होता. मी बरा होतो, आणि हे जगात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

तेवढ्यात बेल वाजली. सामानवाला आला होता. ताई हात पुसत उठल्या. दारापर्यंत जायला त्यांना फार वेळ लागला. मी पाण्याचा थेंबही हलू दिला नाही.

"द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "चालतंय ते."

मी काही मोठे लोक पाहिलेले नाहीत. पण एवढं मोठं माणूस पाहायला मला या ओट्याखालून हलावं लागलं नाही.

संध्याकाळी चकचकीत पेले बघून दोघं थक्क झाली. कोण येऊन गेलं, असं विचारलं. ताई म्हणाल्या, जरा साफ केलं इतकंच. मग सिंकला टेकून म्हणाल्या, "आता माझं इथे काय काम, ते तुम्हीच सांगा."

भाऊ काहीतरी विनोद करणार होता. भावजयीने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं आणि खुर्ची ओढली.

"काम काही नाही. बसा, वन्सं. ऑफिसातल्या त्या बाईचं सगळं सांगायचंय मला. यांना सांगायला लागलं की हे घोरतात."

ताई खुर्चीच्या टोकावर बसल्या. रिकाम्या हातांचं काय करावं, हे त्यांना उमगत नव्हतं. पण ऑफिसातल्या बाईचे प्रताप ऐकता ऐकता त्या कधी मागे रेलल्या, त्यांनाही कळलं नाही.

आता माझं बरं चाललंय. गाळणी वेळेवर धुतली जाते, काम झालं की दार थोडं किलकिलं ठेवलं जातं. तुमच्या घरीही माझा कोणी भाऊबंद असेल, तर कृपा करून एकदा त्याच्या तळाशी हात घाला. तो आपणहून सांगायचा नाही. आणि सिंकपाशी कोणी उगाच उभं असेल, तर त्यालाही खुर्ची द्या.

शंका अजून आहेतच. काम संपलं की मला शिट्टी द्यावी लागते आणि शिट्टी झाली की दोघी गप्पा सोडून उठतात. हल्ली ती देणं माझ्या जिवावर येतं. पण आज गंमत झाली. भांडी थोडीच होती, चार पेले आणि दोन ताटल्या. तरी ताईंनी बटणांवरून बोट फिरवत फिरवत सर्वांत लांबचा प्रोग्राम लावला. भावजयीने ते पाहिलं. तिने दुसरी खुर्ची ओढली.

माफ करा, मला आता थांबायला हवं. पाणी तापलंय.