अडतीस बरोबरच्या खुणा

गुरुवारची शेवटची तासिका रिकामी ठेवायची आणि सगळ्या शिक्षकांनी एकत्र बसून मुलांच्या वह्या बघायच्या, ही कल्पना गणिताच्या बाईंची. नियमही त्यांचाच: ज्या धड्यात आपलं गाडं अडलं, त्याच धड्याची वही आणायची. शिक्षकांच्या खोलीत घड्याळाखाली त्यांनी तो ठळक अक्षरात लावलासुद्धा होता. नियम सगळ्यांना पटला आणि पाळला मात्र कुणीच नाही. सहा गुरुवार टेबलावर आल्या त्या नटूनथटून बसलेल्या वह्या. भाषेच्या बाई तर मुलींकडून निबंध पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून घेत आणि मग आणत. चित्रकलेचे सर हजेरीवर सही ठोकून डुलकी काढत. "वा, सुरेख" म्हणता म्हणता तासिका सरे आणि मंडळी घरी पळत.

सातव्या गुरुवारी वरच्या कार्यालयातून तपासनीस येणार होते. मुख्याध्यापकांनी सोमवारी सकाळीच बाईंना गाठलं.

"बाई, साहेबांना काहीतरी दाखवा. त्यांना यात दम दिसला नाही, तर ही तासिका गेली म्हणून समजा. पुन्हा ज्याचा त्याचा वर्ग आणि ज्याचं त्याचं नशीब."

बाईंना ते नको होतं. बावीस वर्षं त्या एकट्याच शिकवत आल्या होत्या. शेजारच्या वर्गात काय चालतं हे मधल्या भिंतीला ठाऊक असेल, त्यांना नव्हतं. म्हणून तर त्यांनी हा घाट घातला होता.

मधल्या सुट्टीत त्या सातवीच्या अडतीस वह्या घेऊन बसल्या. अपूर्णांकांचा धडा होता. त्यांना हवी होती एखादी किरकोळ चूक, साहेबांपुढे ठेवायला शोभेल अशी. खरं सांगायचं तर त्याही वही नटवायलाच निघाल्या होत्या, फक्त जरा वेगळ्या तऱ्हेनं. सात-आठ वह्या चाळून झाल्यावर त्यांचा हात थांबला. तीन छेद चार अधिक एक छेद सहा. उत्तर पाच छेद सहा, भोवती पट्टीनं आखलेला चौकोन. बाईंनी मनातल्या मनात दोन्हींचा छेद बारा केला. नऊ आणि दोन अकरा. उत्तर अकरा छेद बारा यायला हवं. मग हे पाच छेद सहा कुठून उपटलं?

पुढची वही उघडली. पाच छेद सहा. तिच्या पुढची, पाच छेद सहा. अडतीसच्या अडतीस वह्यांत तेच उत्तर, तोच चौकोन आणि शेजारी बाईंची स्वतःची लाल, झोकदार बरोबरची खूण.

मग आठवलं. त्या दिवशी सर्दीनं डोकं जड झालं होतं. फळ्यावर त्यांनीच नऊ आणि दोन दहा केले होते, वर दहा छेद बाराला संक्षिप्त रूप देऊन पाच छेद सहा केलं होतं, चौकोनसुद्धा आखला होता. मुलांनी ते मुकाट्यानं उतरवलं. आणि वह्या तपासताना बाईंनी गणित पाहिलंच नव्हतं, फळ्यासारखं दिसतं ना, तेवढं पाहिलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण! बाईंचे कान तापले.

एका वहीत चौकोनाखाली काहीतरी पुसल्यासारखं दिसत होतं. वही तिसऱ्या बाकावरच्या मुलीची होती. चणीनं एवढीशी आणि तोंडातून शब्द न काढणारी, म्हणून वर्ग तिला मुंगी म्हणायचा. बाईंनी पान खिडकीशी तिरपं धरलं. पेन्सिलीचे वळ उरले होते. अकरा छेद बारा.

घरी नणंद आलेली होती. ती रुग्णालयात परिचारिका. वहिनीचा चेहरा बघून तिनं सगळं काढून घेतलंच.

"दाखवू नकोस म्हणणारे सतरा भेटतील, वहिनी," ती म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची, कळतं मला. पण आमच्याकडे चूक झाली की लिहून ठेवावी लागते. नाहीतर पुढच्या पाळीतली परिचारिका तीच चूक करते."

"तुमचं ठीक आहे गं. मी तिथली म्होरकी. मीच तोंडावर आपटले तर उद्या माझं ऐकणार कोण?"

"आत्ता तरी कोण ऐकतंय?" नणंद म्हणाली.

हे झोंबलं, कारण खरं होतं. बुधवारी बाईंनी मुंगीला एकटीला बोलावून एकच प्रश्न विचारला. उत्तर ऐकल्यावर त्यांना जेवण गेलं नाही.

गुरुवारी तपासनीस कोपऱ्यातल्या खुर्चीवर डायरी उघडून बसले. भाषेच्या बाईंचे मोत्यासारखे निबंध फिरले, "वा, सुरेख" झालं. बाईंची पाळी आली. त्यांनी अडतीस वह्या टेबलावर ठेवल्या, सगळ्या त्याच पानावर उघडून. टेबल पुरलं नाही, काही खुर्च्यांवर ठेवाव्या लागल्या.

"हे गणित मी फळ्यावर चुकवलं," त्या म्हणाल्या. "अडतीस मुलांनी चुकीचं उतरवलं आणि अडतीस वेळा मी बरोबरची खूण केली. एकीला खरं उत्तर आलं होतं. तिनं ते पुसलं."

मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. चित्रकलेचे सर चक्क जागे झाले.

"विचारलंत का तिला, का पुसलं ते?" भाषेच्या बाईंनी हळूच विचारलं.

"विचारलं. म्हणाली, 'बाई, आधी वाटलं तुम्ही चुकलात. मग वाटलं, असं मला वाटतंय म्हणजे माझंच चुकलं असणार.'" बाईंनी त्या वहीवर बोट ठेवलं. "बावीस वर्षांत मी हे शिकवलंय."

भाषेच्या बाई उठल्या, आपलं कपाट उघडून निबंधांचा दुसरा गठ्ठा त्यांनी आणला. त्यात खाडाखोड होती, काही पानं अर्धी कोरी होती.

"हे खरे," त्या पुटपुटल्या. "ते आधीचे मीच पुन्हा उतरवून घेतले होते."

तपासनीस खुर्ची टेबलाजवळ ओढून घेत म्हणाले, "त्या मुलीची वही मी घेऊन जाऊ का? इतर शाळांना दाखवतो."

"तिला विचारावं लागेल, साहेब. वही तिची आहे."

साहेबांनी मान डोलावली आणि डायरीत काहीतरी लिहिलं. तासिका राहिली.

शुक्रवारी बाईंनी सातवीपुढे आपली चूक सांगितली, फळ्यावर गणित नव्यानं सोडवलं, आणि अडतीस वह्या मुंगीच्या बाकावर आणून ठेवल्या. वर आपलं लाल पेन ठेवलं.

"माझ्या खुणा खोड. सगळ्या."

मुंगी पेनाकडे बघत राहिली. मग तिनं पहिली वही ओढली, बाईंच्या खुणेवर एक आडवी रेघ मारली आणि पान उलटून बोटानं एक ओळ दाखवली.

"बाई," ती जेमतेम ऐकू येईल अशी बोलली, "इथं पण एक चुकलंय."