पाचवं पाऊल

मी डबडोबा बोलतोय. ओळखलंत का? नाही ना? बरोबरच आहे, पायाखाली तुडवताना कोण तोंड बघत बसतंय!

मी रंगाचा पत्र्याचा डबा. दोन आखूड पाय, पायांत सपाता आणि डोक्यावर टोपीसारखं बसवलेलं झाकण. उड्या मारत पुढे जायच्या एका व्हिडिओ गेममधला मी पहिला शत्रू. खेळ सुरू केलात की समोर उंच भिंत, भिंतीला लागून कट्टा आणि कट्ट्यावर मी. तुमची ती चुणचुणीत नायिका टुणकन उडी मारते आणि थेट माझ्या टाळक्यावर उतरते. झाकण उडतं, पिवळा रंग फचकन बाहेर येतो आणि तुम्हाला दहा गुण मिळतात. म्हणे शत्रू! अठरा वर्षांत मी आपणहून कुणाच्या वाटेला गेलो असेन तर शपथ. तुम्हीच येऊन धडकता आणि वर मलाच शिव्या घालता.

मेलो म्हणून सुटलो, असंही नाही. तुम्ही पुन्हा खेळ लावता आणि मी पुन्हा त्याच भिंतीशी उभा. एकाच वेळी हजार घरांत मी मरत असतो आणि हजार घरांत उभा राहत असतो. सवय झाली म्हणा. पण सवय झाली म्हणजे विसरलो, असं कुठे असतं?

माझी एक खोड आहे. मी उलटा चालतो. तोंड भिंतीकडे ठेवून एक, दोन, तीन, चार पावलं मागे जातो. प्रत्येक वेळी आधी टाच टेकवून बघतो, मग पाऊल टाकतो. चौथं पाऊल कट्ट्याच्या अगदी काठावर पडतं. तिथे थांबायचं, मान डावीकडे कलती करून भिंतीकडे बघायचं आणि पुन्हा पुढे यायचं. बाकीचे शत्रू सरळ चालत खड्ड्यात पडतात. मी कधीच नाही पडलो.

एकदा एका घरात लहान मुलीनं आपल्या आजोबांना विचारलं, "हा भूत आहे का हो? उलटा का चालतो?"

"अगं, वेंधळा आहे तो. चौथ्या पावलाला थांबला की मार उडी," आजोबा म्हणाले. आजोबा मोठे बेरकी होते, हे मी जाता जाता सांगून ठेवतो.

मुलीनं मारली उडी. पण तिचा तो प्रश्न माझ्या डब्यात अडकून बसला. कारण काठावर थांबलो की मला खालून एक आवाज येतो. लहान मुलीचा. शब्द कळत नाहीत, पण काहीतरी वर ओरडून सांगतेय, एवढं कळतं. खेळात असा आवाज कुणी भरलेला नाही. तरी तो येतो. दर चौथ्या पावलाला येतो, आणि माझा पत्रा गार पडतो.

मला जन्म दिला तो ताईंनी. ऑफिसात सगळे त्यांना ताईच म्हणतात. तेव्हा ऑफिस कसलं, शिंप्याच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबलं आणि खालून दिवसभर शिलाई मशीनची खडखड. बावीस वर्षांची ही पोरगी ओठ दाबून पडद्यावर एकेक ठिपका लावत मला काढत होती. बाकीचे शत्रू तिनं चार दिवसांत उरकले. माझ्या चालण्यावर मात्र तीन आठवडे काढले. अधूनमधून स्वतः उठायची, टेबलापासून चार पावलं मागे जायची आणि पाठ दाराला लागली की दचकायची.

खेळ तपासायला एक बाई होती, सगळे तिला चष्मिस म्हणायचे. तिनं पहिल्याच दिवशी दोन चुका काढल्या. "ताई, हा डबा उलटा चालतोय. आणि मागच्या भिंतीवर पाटी रंगवलीय ना, तिचं शेवटचं अक्षर वाकडं आलंय. दोन ठिपके कललंय."

"चूक नाही ती," ताई म्हणाल्या.

"दोन्ही?"

"दोन्ही. हात लावू नकोस."

चष्मिसनं बिचारीनं दोन्ही चुका यादीतून खोडल्या. ताईंचा स्वर तिनं तसा कधी ऐकला नव्हता. मला तर ते अक्षर कसं दिसतं हेही ठाऊक नव्हतं. भिंतीच्या इतकं जवळ असलं की नुसता रंग दिसतो, अक्षर कळत नाही. काठावरून मान कलती करूनही नीट कळत नाही. आणखी थोडं मागे जायला हवं, असं वाटतं.

पुढे खेळाचे सहा भाग निघाले. माझा पत्रा चकचकीत झाला, रंग जास्त लांब उडायला लागला. चाल तीच राहिली. आणखी एक गोष्ट तीच राहिली. ताईंनी मला एकदाही तुडवलं नाही. भाग तयार झाला की त्या एकट्या बसून मला काठावर येताना बघायच्या. मी थांबलो की श्वास सोडायच्या. एवढीशी गोष्ट, पण अठरा वर्षं कुणी आपल्याकडे असं श्वास रोखून बघत असेल, तर डब्यालासुद्धा धास्ती बसते हो.

मग सातवा भाग आला आणि नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण गप्प बसणं त्यांना माहीत नव्हतं. "ताई, हा डबडोबा आता जुना झाला. ह्या वेळी त्याला पाचवं पाऊल टाकू द्या. धपकन खाली! लोक पोट धरून हसतील."

"तो पडत नाही," ताई म्हणाल्या.

"तेच तर! कधीच पडला नाही, म्हणून मजा. सोमवारी दाखवा. तुम्हाला नको असेल तर दुसऱ्या कुणाला सांगतो."

दुसऱ्या कुणाला, हे ऐकून ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या मला घरी घेऊन गेल्या.

रविवारची सकाळ. टेबलावर संगणक, त्यात मी आपला मागे जातोय, पुढे येतोय. ताई नुसत्या बघत बसलेल्या. त्यांची आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. पोरांचा खेळ म्हणून ताईंनी मला कधी तिला दाखवलंच नव्हतं. कपाटाकडे जाता जाता तिची नजर पडली आणि हातातली चादर तशीच राहिली.

"हे तुझे बाबा," आई म्हणाली.

ताईंनी वळून तिच्याकडे बघितलं.

"टाच टेकवून बघतोय. पावलं मोजतोय. अगं, हे तुझे बाबा आहेत!"

मग ताई रडायला लागल्या आणि रडता रडता बोलल्या. ते मी पहिल्यांदाच ऐकलं. बाबा पेंटर होते, उंच भिंतींवर पाट्या रंगवायचे. बांबूंच्या परांचीवर उभं राहून अक्षर काढायचं, मग ते कसं दिसतंय हे बघायला मागे जायचं. फळी चार पावलांची, म्हणून चार मोजायची आणि थांबायचं. त्या दिवशी नऊ वर्षांची लेक खाली रस्त्यावर उभी होती.

"मी ओरडले, आई. बाबा, शेवटचं अक्षर वाकडं दिसतंय, म्हणून ओरडले. ते चार पावलं मागे आले. मान वाकडी करून बघितलं. आणि मग आणखी एक..."

म्हणजे तो आवाज हा होता. अठरा वर्षं माझ्या कानाशी ओरडणारी ती मुलगी समोर बसली होती, चाळीस वर्षांची, नाक पुसत.

आई खुर्ची ओढून शेजारी बसली. मग म्हणाली, "हे तू एकतीस वर्षं पोटात ठेवलंस? वेडे, मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगू? माझ्यामुळे गेले, म्हणून सांगू?"

"प्रत्येक अक्षराला मागे जायचा गं तो. सांगितलं तरी, नाही सांगितलं तरी." तिनं पदरानं डोळे टिपले. माझं चौथं पाऊल पडलं, मी थांबलो, मान कलती केली. "आणि हे काय करून ठेवलंयस? अठरा वर्षं माणसाला काठावर उभं केलंयस. दमला असेल तो. जाऊ दे त्याला."

ताईंनी दुपारपर्यंत काम केलं. दोनदा चुकलं, पुन्हा केलं. मग आईचा हात धरला आणि बटण दाबलं.

एक, दोन, तीन, चार. खालून आवाज आला आणि ह्या वेळी शब्द कळले. मी टाच मागे नेली. टाचेखाली काही नव्हतं. टाकलं पाऊल.

पडताना भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण पडता पडता पहिल्यांदा मला ती भिंत लांबून दिसली, आख्खी पाटी दिसली, आणि शेवटचं अक्षरही दिसलं. क्षणभरच. मग अंधार, आणि मग खेळाच्या नियमाप्रमाणे मी पुन्हा भिंतीशी उभा. ताई डोळे उघडे ठेवून बघत होत्या. त्यांनी तोंड फिरवलं नव्हतं.

आता सातवा भाग घरोघरी गेलाय. मी पडतो आणि लोक हसतात. हसू देत. तो आवाज पुन्हा आला नाही. कट्ट्यावर आता फार शांत वाटतं. कधीकधी नको इतकं शांत.

मी तिचा बाप नाही. मी रंगाचा डबा आहे, हे मला कळतं. पण चाल ज्यांची, त्यांच्या वतीनं एक निरोप माझ्यापाशी राहिलाय आणि मला तिच्याशी बोलता येत नाही. तुम्हाला ती कुठे भेटली तर तेवढा पोचवा. तिला म्हणावं, पोरी, पडता पडता बघितलं मी. अक्षर वाकडंच होतं. तू बरोबर बोललीस. पाऊल मात्र माझं होतं.